दुनळीवरचा कुत्रा कुणाचा?

मुरूड-जंजिऱ्यासह राज्यभरच्या नगरपरिषदांसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झालं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि निकालानंतर त्या घरी परततात. जमा करताना नोंद होते ती बंदुकीच्या प्रकाराची आणि क्रमांकाची. तिच्या अंगावर काय कोरलंय, हे कुणी लिहून घेत नाही. हा लेख त्या कोरीवकामाबद्दल आहे.

कोकणात शेतीसंरक्षणाची बंदूक म्हणजे बहुधा ठासणीची किंवा साधी एकनळी. काही जुन्या घरांत मात्र विलायती दुनळी असते. तिच्या चापाच्या वरच्या पोलादी भागावर पाहा. गवतात एक कुत्रा पुढचा पाय उचलून, शेपूट ताठ करून थिजलेला असतो आणि त्याच्यासमोर तित्तिर उडत असतात. हा पॉइंटर. लांब केसांचा, दबून बसलेला असेल तर तो सेटर. पक्ष्याचा वास लागला की जागच्या जागी थांबून शिकाऱ्याला दिशा दाखवायची, हे या दोघांचं काम.

आता मुरूडजवळच्या आगरदांड्याच्या जेट्टीवरून मागे वळून डोंगराकडे बघा. पलीकडे फणसाडचं रान आहे. एके काळी ते जंजिऱ्याच्या नवाबांचं राखीव शिकारीचं जंगल होतं, १९८६ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. कारवी आणि वेलींनी भरलेल्या अशा रानात पॉइंटरची ती ऐट कुणाला दिसणार? कोकणातली शिकार हाकाऱ्याची. माणसं आरडाओरडा करत आणि गावठी कुत्रे भुंकत डुक्कर उठवायचे, दबा धरून बसलेला शिकारी बार काढायचा. बंदुकीवरचा कुत्रा इंग्लंड-स्कॉटलंडच्या उघड्या माळावरचा होता. बंदुकीबरोबर तोही बोटीतून इथे आला.

पण त्याला कोरणाऱ्या हातांची मला मोठी ओढ आहे. वेस्टली रिचर्ड्स (स्थापना १८१२), पर्डी (१८१४), हॉलंड अँड हॉलंड (१८३५) या कंपन्यांची नावं नळीवर असतात, कोरणाऱ्याचं नाव बहुतेकदा कुठेच नसतं. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्सच्या अँसन आणि डीली यांनी घोडे आत दडवलेली बंदूक काढली. बाहेरचे घोडे गेले आणि बाजूला सपाट, मोकळी जागा मिळाली. कारागिराला जणू पाटीच मिळाली. कोरायचं ते पोलाद मऊ असतानाच. मग तो भाग हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात पुरून तापवायचा आणि एकदम पाण्यात सोडायचा. पृष्ठभाग कडक होतो, त्यावर निळे-तपकिरी ढग उमटतात आणि त्यानंतर कोरणी त्यावर चालत नाही. कुत्र्याचा कान चुकला तर तो चुकलेलाच राहतो. काही कोरणाऱ्यांची नावं मात्र कळतात. पर्डीसाठी काम केलेले केन हंट लंडनच्या सोहो भागात हॅरी केल यांच्या कार्यशाळेत शिकले. इटलीतल्या फिर्मो फ्राकासी यांनी तर सुईच्या टोकाएवढ्या असंख्य खुणांतून प्राण्याच्या केसांवरची सावली उभी केली. साध्या बंदुकांवरचे कुत्रे पुष्कळदा बेढब असतात, हेही खरं. स्वस्त मालावर हाताने कोरण्याऐवजी साच्याने चित्र दाबलेलं असतं. भिंगाखाली त्याच्या रेषा उथळ आणि एकसारख्या दिसतात. हाताच्या रेषेची खोली मात्र बदलत जाते.

आणि आपले कुत्रे? आपल्याकडेही हत्यारावर शिकार कोरायची रीत होती. शिकारगाह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तलवारींच्या पात्यांवर प्राण्यांच्या रांगा उठावात कोरलेल्या असतात. साताऱ्याच्या शाहू महाराजांना वाघापासून वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. माळावर सशामागे वाऱ्यासारखा धावणारा कारवानी कुत्रा मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या राजापर्यंत पोचवला आणि २००५ मध्ये हाच कुत्रा मुधोळ हाउंड या नावाने टपाल तिकिटावरही आला. तरी विलायती दुनळीवर जागा मिळाली ती पॉइंटर-सेटरलाच. संस्थानिकांनी हौसेने मागवलेल्या बंदुकांवर एखादा कारवानी कोरून घेतला असता, तर आज त्याला तोड नसती.

शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने संपली, आणि ती संपली हे योग्यच झालं. काळजी वेगळी आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या आणि वारसाहक्काच्या बंदुकांनाही हीच मर्यादा आहे. तिसरी जमा करावी लागते. जमा झालेल्या हत्याराकडे कायदा हत्यार म्हणूनच बघतो. ते नष्ट करायचं ठरलं आणि शंभर वर्षांपूर्वीचं कोरीवकाम भट्टीत वितळलं, तर ते परत आणता येणार नाही.

म्हणून घरात अशी दुनळी असेल, तर सुट्टीच्या दिवशी ती रिकामी असल्याची खात्री करून उजेडात ठेवा. दोन्ही बाजूंचे आणि खालच्या भागाचे फोटो काढा, कंपनीचं नाव, क्रमांक आणि नळीखालचे ठसे लिहून ठेवा. जुन्या कंपन्यांच्या वह्यांत क्रमांकावरून ती कधी बनली आणि बहुधा कुणासाठी बनली, हे सापडतं. तिला पॉलिश पेपर किंवा पितळ घासायची पावडर लावू नका, एका घासण्यात कुत्र्याचा डोळा जातो. जिल्हा प्रशासनाला माझी विनंती एवढीच: जुनी बंदूक नष्ट करण्याआधी तिच्या कोरीवकामाचे फोटो घ्या आणि ते वस्तुसंग्रहालयाकडे पाठवा.