तुरीचा भाव आणि एपीआय टेस्टिंग: फक्त २०० बघून थांबू नका

बार्शीच्या बाजार समितीत तुरीला काय भाव निघाला, हे ॲपला स्वतःला माहीत नसतं. ते सर्व्हरला विचारतं. विचारायची आणि उत्तर द्यायची ही ठरलेली पद्धत म्हणजे वेब एपीआय. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन पोर्टलवर देशातल्या बाजारांचे रोजचे भाव असेच मिळतात. बाजार, शेतमाल, तारीख, आणि क्विंटलमागे किमान, कमाल व सर्वसाधारण भाव.

समजा, हा डेटा घेऊन आपण जावास्क्रिप्टमध्ये बार्शीपुरता छोटा एपीआय बनवला. प्रत्येक बदलानंतर तो हाताने कोण तपासत बसणार? ते काम कोडलाच सांगायचं. यालाच ऑटोमेटेड टेस्ट म्हणतात. टेस्ट एपीआयला प्रश्न विचारते आणि आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळवते.

नवीन मुलं बहुतेक वेळा स्टेटस कोड २०० आला की खूश होतात. पण २०० म्हणजे उत्तर मिळालं एवढंच. ते बरोबर आहे असं नाही. मी टेस्ट लिहिताना या तीन गोष्टी हमखास तपासतो:

१. सर्वात जास्त भाव: ९८०० आणि १०२०० हे आकडे जावास्क्रिप्टच्या साध्या सॉर्टला दिले, तर १०२०० आधी येतो! कारण तो आकड्यांची तुलना अक्षरांसारखी करतो, आणि १ हा ९ च्या आधी. मग शेवटचा आकडा कमाल समजला, तर क्विंटलला ४०० रुपये कमी दिसतात. नमुन्यात सगळे भाव दहा हजारांच्या आत ठेवले, तर ही चूक कधीच सापडणार नाही.

२. तारीख: आपण आधी दिवस लिहितो. पण ०५/०३/२०२५ ही तारीख नोड ३ मे अशी वाचतं. २५/०३/२०२५ दिली तर मात्र तारीखच अवैध ठरते. म्हणून दोन्ही प्रकारच्या तारखा टेस्टमध्ये घ्या.

३. चुकीचं नाव: नसलेला बाजार विचारला तर ४०४ यायला हवा, शून्य रुपये भाव नाही.

यासाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही. नोडमध्ये टेस्ट चालवायची सोय आतच आहे. २०२३ च्या आवृत्ती २० पासून ती स्थिर झाली. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये नोड टाकूनही सराव होतो. एक लक्षात ठेवा: टेस्टमध्ये खरा सरकारी सर्व्हर वापरू नका. तिथले भाव रोज बदलतात, आणि नेट गेलं तर चांगला कोडही नापास होतो. ठरावीक नमुना फाईलमध्ये ठेवा.

पांगरीचा शेतकरी मोबाईलवरचा आकडा बघून तूर आज आणायची की थांबायचं ते ठरवतो. दहा क्विंटल माल असेल, तर त्या एका सॉर्टमुळे त्याचा अंदाज ४००० रुपयांनी चुकतो. म्हणून पहिली टेस्ट भावाची लिहा, स्टेटस कोडची नंतर.