ऊब राखणे आणि ऊब देणे : छोट्या हरितगृहातील उष्णतेचा विचार

मराठीत थंडी ‘पडते’, थंडी ‘वाजते’, दाराच्या फटीतून ती घरात ‘शिरते’ आणि अंगाला ‘झोंबते’. या सर्व वाक्यांत कर्ता थंडीच आहे. थंडी म्हणजे बाहेरून चालून येणारी एखादी वस्तू होय, असे आपली भाषा गृहीत धरते. पदार्थविज्ञानाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. थंडी नावाची वस्तू नाही. आहे ती उष्णता, आणि ती निघून गेली म्हणजे जे उरते त्यास आपण थंडी म्हणतो. रोजच्या व्यवहारात या विसंगतीने कोणाचे काही अडत नाही. परंतु कोवळ्या रोपांना हिवाळ्याच्या रात्रीतून सुखरूप बाहेर काढावयाचे असेल, तर भाषेचे गृहीत धरून चालणारा मनुष्य फटी बुजवीत बसतो आणि विज्ञानाचे गृहीत धरणारा प्रथम छपराकडे पाहतो. भाषेच्या अभ्यासकाने हरितगृहाच्या विषयात लक्ष घालावे, याचे कारण एवढेच.

उदाहरणासाठी हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव घेऊ. (सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांचे पुसेगाव निराळे.) हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. पुसेगाव त्याच्या सेनगाव तालुक्यात येते. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद ही या मुलखाची ओळखीची पिके. येथे हिमतुषाराचा प्रश्न कशाला, असे कोणी विचारील, आणि ते गैर नाही. पाणी गोठावे इतकी थंडी या भागात क्वचितच होते. तथापि रोपांच्या दृष्टीने अपाय गोठणबिंदूच्या पुष्कळच वर सुरू होतो. मिरची, टोमॅटो, टरबूज, पपई, केळी ही उष्ण प्रदेशातील झाडे आहेत. उष्णतामान 10 ते 12 अंशांच्या खाली बराच वेळ राहिले की त्यांच्या पेशींची आवरणे ताठरतात, मुळांना पाणी ओढवेनासे होते, आणि ओल्या मातीत उभे असलेले रोपही कोमेजते. गोठण्याचा अपाय याहून वेगळा: त्यात पेशींच्या दरम्यान बर्फाचे कण तयार होतात, ते पेशींतील पाणी शोषून घेतात, आणि पान भाजल्यासारखे काळे पडते. ‘थंडीने पीक करपले’ हा शेतकऱ्याचा शब्दप्रयोग म्हणूनच यथार्थ आहे. आगीने आणि थंडीने होणाऱ्या नाशाला त्याने एकच क्रियापद दिले, कारण दोन्हींचे अखेरचे रूप पाणी हरपलेले पान हेच आहे.

मराठवाड्यात थंडीच्या लाटेत पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, आणि परभणीस तो 5 अंशांच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. सपाट प्रदेशात किमान उष्णतामान 10 अंश किंवा त्याहून कमी, आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी खाली असेल, तर हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते. उन्हाळी टरबुजाची व भाजीपाल्याची रोपे नेमकी डिसेंबर-जानेवारीत तयार करावी लागतात. चार रात्रींच्या कडाक्यात ट्रेमधील रोपे गेली, तर बियाण्याचा खर्च तर बुडतोच, शिवाय लागवडीचा काळही हातचा जातो. हातात छोटेसे हरितगृह आणि बेताचा पैसा असलेल्या माणसापुढील प्रश्न हा असा आहे.

आता उष्णता जाते कोठे, हे पाहू. तिच्या जाण्याच्या वाटा तीन: वहन, अभिसरण आणि प्रारण. पहिल्या दोन आपल्या परिचयाच्या आहेत; तिसरी डोळ्यांना दिसत नाही, आणि निरभ्र, निर्वात रात्री तीच सर्वांत मोठी असते. प्रत्येक वस्तू अदृश्य किरणांच्या रूपाने उष्णता सोडीत असते. आकाशात ढग असले तर ते त्या उष्णतेचा मोठा भाग परत पाठवितात. आकाश स्वच्छ असले तर ती निघून जाते. अशा रात्री उघड्यावरचे पान भोवतालच्या हवेपेक्षाही दोन ते चार अंशांनी गार होते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तेथे 8 अंश दिसले, तर वाफ्यातील पान 5 अंशांवर असणे सहज शक्य आहे.

या गोष्टीचा एक जुना पुरावा आपल्याच देशात आहे. अलाहाबाद येथे हिवाळ्यात बर्फ कसे तयार करीत, त्याचे वर्णन सर रॉबर्ट बार्कर याने 1775 साली प्रसिद्ध केले. उथळ खड्ड्यात उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे अंथरीत, त्यांवर मातीच्या उथळ पसरट भांड्यांत पाणी ठेवीत, आणि पहाटेस त्यावर बर्फ धरे. हवा मात्र गोठणबिंदूच्या वर असे. खालून ऊब मिळू नये अशी तजवीज करून पाणी आकाशाकडे उघडे ठेवले की ते आपली उष्णता आपणच गमावते. पुढे 1814 मध्ये लंडनचा वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स याने दवावरील निबंधात याची मीमांसा केली. दव वरून पडत नाही. पान गार झाल्यामुळे भोवतालच्या हवेतील वाफ त्यावर जमते. माळी लोक रोपांवर पातळ चटई टाकतात, तिने काय होणार असे पूर्वी वेल्सला वाटे. प्रयोगांती त्यास आढळले की गवतावर काही अंतरावर ताणून धरलेला साधा हातरुमालही खालच्या गवताला अनेक अंश उबदार ठेवतो. माळ्याची कृती शास्त्राच्या आधीपासून बरोबर होती.

तात्पर्य, हरितगृहाचे छप्पर हीच उष्णतेची मुख्य वाट होय. येथे एक अनपेक्षित अडचण आहे. साधा पॉलिथीनचा कागद वारा अडवितो, पण उष्णतेच्या अदृश्य किरणांना बऱ्याच प्रमाणात वाट देतो. त्यामुळे निर्वात, निरभ्र रात्री अशा कागदाच्या घरात कधी कधी बाहेरपेक्षाही अधिक गारवा आढळतो. उपाय वेल्सच्या रुमालाचाच: आतून, रोपांच्या वर दोन-तीन हात अंतरावर, जाड कापडाचा किंवा शिवलेल्या बारदानाचा पडदा सूर्यास्ताच्या सुमारास ओढावा आणि उजाडताच सारावा. चारी बाजूंचे कागद दुपारी चारच्या आसपासच खाली सोडावेत, म्हणजे दिवसाची ऊब आत राहते. मातीला दुपारी पाणी द्यावे. ओली माती कोरडीपेक्षा अधिक उष्णता साठविते व रात्री ती वर देते. पाने मात्र ओली ठेवू नयेत.

एवढे झाल्यावरच ऊब देण्याचा हिशेब मांडावा. समजा, घर 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि बाजूंना 2 मीटर उंच आहे. छपरासह त्याचा एकूण पृष्ठभाग सुमारे 66 चौरस मीटर भरतो. एकेरी कागदाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या दर एक अंश फरकामागे, सुमारे 6 वॅट उष्णता जाते. बाहेर 5 अंश असता आत 11 अंश राखावयाचे, म्हणजे फरक 6 अंशांचा. गुणाकार केला असता सुमारे 2,400 वॅट येतात. आठ तासांच्या रात्रीस 19 युनिट. पडद्यामुळे ही गळती चाळीस टक्क्यांनी घटली असे धरले, तर गरज साडेअकरा युनिटांवर येते.

आता पाण्याकडे वळू. 20 लिटर पाणी 25 अंशांवरून 15 अंशांवर निवताना सुमारे पाव युनिट उष्णता बाहेर टाकते. काळे रंगविलेले, पाण्याने भरलेले असे 20 डबे दिवसा उन्हात येतील अशा रीतीने वाफ्यांच्या कडेने ठेवले, तर रात्री त्यांतून साडेचार युनिटांहून थोडी अधिक ऊब विनामूल्य मिळते. तेवढेच पाणी दोन मोठ्या पिंपांत भरले तर हा लाभ कमी होतो. पिंपाचा पृष्ठभाग पाण्याच्या मानाने लहान असल्यामुळे सकाळ झाली तरी बरीच उष्णता आतच राहते. याप्रमाणे 19 युनिटांची गरज सातांवर येते, आणि तेवढी भागविण्यास एक किलोवॅटहून लहान विजेचा तापक पुरतो. तो रात्रभर चालविण्याचेही कारण नाही. पारा सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत खाली असतो. रोपांच्या उंचीवर टांगलेला तापमापक 11 अंश दाखवू लागला म्हणजे तापक लावावा.

परंतु रात्री वीज गेली तर काय, हा प्रश्न खेड्यात टाळता येत नाही. मग हात साहजिकच शेगडीकडे, आगटीकडे जातो. येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगणे अवश्य आहे. पहिली, धुराने ऊब राखली जाते ही समजूत निराधार आहे. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की उष्णतेचे लांब लहरींचे किरण त्यांतून सहज पार होतात. उपयोग असतो तो आगीचा, धुराचा नव्हे. नाशिक जिल्ह्यातील निफाड भागात, जेथे डिसेंबर 2018 च्या अखेरीस पारा 2 अंशांच्या आसपास उतरला होता, द्राक्षबागाईतदार थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवितात. तेथेही एका मोठ्या जाळापेक्षा अनेक लहान शेकोट्या हिताच्या. मोठ्या जाळाची तप्त हवा बागेत न रेंगाळता सरळ वर निघून जाते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. उघड्या बागेतील शेकोटी बंद हरितगृहात आणता येत नाही. कोळसा, गोवऱ्या, पऱ्हाट्या किंवा रॉकेल बंद जागेत जळू लागले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्यास वास नाही, रंग नाही. झोपलेला मनुष्य त्यातून जागा होत नाही. रोपे राखण्यासाठी शेगडी पेटवून आतच अंथरूण टाकणे म्हणजे रोपांसाठी जीव पणाला लावणे होय. शिवाय अर्धवट जळणातून निघणारा एथिलीन वायू खुद्द रोपांचीच पाने गाळतो. विस्तव वापरावयाचाच झाला तर भट्टी बाहेर असावी आणि तिचे बंद धुराडे जमिनीलगत आतून नेऊन दुसऱ्या टोकास बाहेर काढावे. ते कागदास कोठेही टेकू देऊ नये. हे जमत नसेल, तर रोपांवर दुसरा पडदा टाकावा आणि पाण्याचे डबे वाढवावेत. विस्तव आत नेऊ नये.

शेवटी पुन्हा शब्दांकडे येऊ. संस्कृत ‘हिम’ मराठीत ‘हिंव’ झाले. दोन स्वरांमधील मकाराचा अनुनासिक वकार होण्याचा हा नियम ‘ग्राम’चे ‘गांव’ करणाराच, म्हणजे पुसेगावाच्या नावात मुरलेलाच आहे. मात्र ध्वनीबरोबर अर्थही सरकला. ‘हिम’ म्हणजे बाहेर दिसणारे बर्फ. ‘हिंव’ म्हणजे अंगात भरणारा गारठा, ज्यावरून ‘हिंवताप’ आला. बर्फ न पाहिलेल्या मुलखाने शब्द आपल्या अनुभवास जुळवून घेतला. याच मुलखाच्या भाषेत आणखी एक क्रियापद आहे, ‘निवणे’. भात निवतो, दूध निवते. या क्रियापदाचा कर्ता थंडी नाही, खुद्द ती वस्तू आहे. ती आपली ऊब गमावीत असते. हरितगृहाविषयी शेतकऱ्यांसाठी जे लिहिले जाते, त्यात ‘थंडी आत येऊ देऊ नका’ असे न म्हणता ‘रोपे निवू देऊ नका’ असे म्हटले, तर पडद्याचे, ओल्या मातीचे आणि पाण्याच्या डब्यांचे प्रयोजन वेगळे समजावून सांगण्याची फारशी गरज उरणार नाही.