गिटचे पॅकेज कोण सांभाळतो?

मुलांनो, तुम्ही निबंध लिहिता, मग त्यात खाडाखोड करता. दोन दिवसांनी वाटते, आधीचाच परिच्छेद चांगला होता. पण तो तर खोडून टाकला! संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचीही हीच अडचण असते. शेकडो माणसे एकाच प्रोग्रामवर काम करतात. कोणी, केव्हा, काय बदलले, याचा हिशेब ठेवावा लागतो. त्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये 'गिट' तयार केले. लिनक्सचा गाभा प्रथम लिहिणारेही तेच.

नुसत्या गाभ्यावर काम चालत नाही. त्याच्याबरोबर हजारो प्रोग्राम जोडून एक संच तयार करतात. 'डेबियन' हा असाच एक संच. तो १९९३ मध्ये सुरू झाला. त्यातील प्रोग्राम पॅकेज करून दिलेले असतात आणि पॅकेज सांभाळणारी माणसे बहुधा हौसेने, पगार न घेता काम करतात. गिट लिहिणे हे काम वेगळे आणि डेबियनसाठी त्याचे पॅकेज सांभाळणे हे काम वेगळे, हे लक्षात ठेवा.

सांभाळायचे म्हणजे काय? साधे नावच पाहा. डेबियनमध्ये 'गिट' नावाचा दुसराच एक प्रोग्राम आधीपासून होता. एकाच नावाची दोन पॅकेजे कशी चालणार? म्हणून नव्या गिटला 'गिट-कोअर' म्हणावे लागले. पुढे जुन्या प्रोग्रामचे नाव बदलले आणि २०१० मध्ये गिटला त्याचे स्वतःचे नाव मिळाले.

खरी कसोटी लागते ती प्रोग्राममध्ये धोका सापडला की. मे २०१८ मध्ये गिटमध्ये असा एक दोष उघड झाला. कोणी मुद्दाम रचलेले काम त्याच्या उपप्रकल्पांसह उतरवून घेतले, तर आपल्या संगणकावर परक्याचे हुकूम चालू शकत होते! गिटच्या लेखकांनी दोष काढून २.१७.१ ही आवृत्ती दिली. पण तेव्हाच्या डेबियन ९ मध्ये २.११.० ही जुनी आवृत्ती होती.

मग नवीच का देऊ नये? कारण मधल्या काळात गिटमध्ये इतरही बरेच बदल झाले होते. डेबियनच्या स्थिर संचावर लोक विसंबून असतात. त्यांचे चालू काम अचानक बंद पडता कामा नये. म्हणून दोष काढणारा तेवढाच बदल जुन्या आवृत्तीत बसवला गेला. अशा बदलाला 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. शिंपी फाटलेल्या जागीच ठिगळ लावतो, सदरा नवा शिवत नाही. मात्र हे काम दिसते तितके सोपे नाही, कारण जुने कापड आणि नवे ठिगळ नेहमीच जुळतात असे नाही.

दुरुस्तीनंतरही त्या संगणकावर गिटला आवृत्ती विचारली, तर उत्तर तेच येई : २.११.०. दोष गेला की नाही, हे त्यावरून कळत नसे. त्यासाठी पॅकेजच्या क्रमांकाची शेपटी पाहावी लागे. दर दुरुस्तीला तिच्यातला शेवटचा आकडा एकाने वाढतो.