९९ टक्क्यांवर अडलेली पट्टी

लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर टाकताना हिरवी पट्टी भर्रकन पळते आणि ९९ टक्क्यांवर ठाण मांडून बसते. ‘उरलेला वेळ ५ सेकंद’, पण ते पाच सेकंद काही सरत नाहीत. असं का?

पट्टीला पुढचं काही दिसत नसतं. एकूण बाइटांपैकी किती गेले, एवढाच तिचा हिशोब. उरलेला वेळ ती आतापर्यंतच्या वेगावरून काढते. आणि पेनड्राइव्हची लिहिण्याची गती असते मंद. म्हणून संगणक बरेचदा माहिती आधी स्वतःच्या रॅममध्ये उतरवून घेतो नि ‘पोहोचली’ असं कळवून मोकळा होतो. माल ट्रकमध्ये चढण्याआधीच, धक्क्यावर रचताक्षणी वहीत ‘रवाना’ लिहावं, तसं. धक्का भरला की सगळं तुंबतं.

बारीक फायलींची कटकट वेगळीच. १ जीबीचा एक व्हिडिओ सलग जातो. तेवढ्याच आकाराच्या हजारो फायलींची मात्र एकेक नोंद करत बसावं लागतं.

थोडा दोष प्रोग्रॅमरचाही. कॉपीचं आणि खिडकी रंगवण्याचं काम प्रोग्रॅमच्या एकाच धाग्यावर (थ्रेडवर) लादलं, तर पट्टी गोठते आणि ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ झळकतं. उलट दर बाइटला पट्टी रंगवली, तर रंगवण्यातच वेळ जातो. सेकंदाला दहा वेळा पुरे.

तरी पट्टी हवीच. ती दिसली की लोकांना बरं वाटतं, हे संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच प्रयोगातून दाखवलं होतं.

मात्र पट्टी भरली तरी ‘इजेक्ट’ केल्याशिवाय पेनड्राइव्ह उपसू नका. काही माल अजून धक्क्यावरच असू शकतो.