पिशवी लागेल का, डॉक्टर?

मागच्या आठवड्यात आपण मूळव्याध समजून अंगावर काढलेल्या रक्तस्रावाबद्दल बोललो. आज त्याच्या पुढचा टप्पा. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आहे, गुदाशयाचा कॅन्सर पक्का झाला आहे, आणि माणूस माझ्यासमोर बसला आहे. 'मी वाचेन ना?' हा प्रश्न पहिला येईल असं कुणालाही वाटेल. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा दुसरा येतो. पहिला असतो पिशवीचा, शौच गोळा करायला पोटावर लावतात त्या पिशवीचा.

एसटीत कंडक्टर असलेले एक गृहस्थ आले होते, पन्नाशीच्या आतले. त्यांनी तोंड उघडलंच नाही, त्यांच्या पत्नीने विचारलं, "यांच्या पोटाला कायमची पिशवी लावणार म्हणतात. खरंय का हो, डॉक्टर?" ते खाली मान घालून फाइलच्या दोऱ्याशी चाळा करत होते.

या प्रश्नाचं निम्मं उत्तर एमआरआयच्या आधीच, तपासणाऱ्याच्या बोटाला कळतं. गाठ गुदद्वारापासून किती वर आहे, हलते की चिकटून बसली आहे, आणि 'आता आवळून धरा' म्हटल्यावर स्नायू बोटाला किती जोरात धरतो. कंडक्टरसाहेबांची गाठ साडेतीन सेंटिमीटरवर होती. स्नायूची पकड मात्र चांगली होती.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण 15 सेंटिमीटरचा भाग. त्याच्या खालच्या टोकाच्या तीन-चार सेंटिमीटरच्या अरुंद मार्गाभोवती स्नायूंची दोन कडी असतात, एकात एक. आतलं कडं आपल्या हुकमात नाही, ते झोपेतही मार्ग मिटून ठेवतं. बाहेरचं आपल्या ताब्यातलं: गाडी स्टँडला लागेपर्यंत माणूस धरून ठेवतो तो त्याच्या जोरावर. या मार्गाचं अस्तरही विलक्षण आहे. आत आलेला नुसता वायू आहे, पातळ आहे की घट्ट, हे ते ओळखतं. आणि वरचा गुदाशय म्हणजे कोठार. तो ताणतो, साठवतो, आपल्याला सवड मिळवून देतो. आवळणं, ओळखणं आणि साठवणं अशी ही तीन कामं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

1908 साली लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी एक मोठी शस्त्रक्रिया मांडली. त्याआधी ते गाठ फक्त खालच्या बाजूने काढत. अशा 57 रुग्णांपैकी 54 जणांचा कॅन्सर उलटला होता. दगावलेल्यांची शवविच्छेदनं करून त्यांनी निष्कर्ष काढला की रोग वर, बाजूला आणि खाली, तिन्हीकडे पसरतो. म्हणून पोटातून आणि खालून, दोन्हीकडून शिरायचं, गुदाशय, स्नायू, गुदद्वार सगळं काढायचं आणि आतड्याचं तोंड पोटावर आणायचं. पुढे कित्येक दशकं हीच वहिवाट राहिली. तिने असंख्य जीव वाचवले, हेही विसरू नये.

मग लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी काढलेली गुदाशयं चिकाटीने तपासली. रोग प्रामुख्याने वर चढतो, खाली क्वचितच उतरतो, हे त्यातून दिसलं. मग खालचा निरोगी स्नायू का कापायचा? 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे क्लॉड डिक्सन यांनी 400 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी गाठ काढून आतडं पुन्हा जोडलं होतं, गुदद्वार जागेवर ठेवून. पण गाठीखालचं पाच सेंटिमीटर आतडं काढायचं हा दंडक बराच काळ टिकला, आणि त्यापायी खालच्या गाठीवाल्यांचा स्नायू जातच राहिला. बारकाईने पाहिल्यावर पाचाचे दोन झाले. आज अगदी खालच्या गाठींत एका सेंटिमीटरवरही भागवलं जातं.

माझ्या दृष्टीने या सगळ्यात सर्वांत मोठं काम बिल हील्ड यांचं. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या गावच्या या सर्जनने 1982 साली लक्ष वेधलं ते गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या गादीकडे. लसीका ग्रंथी तिच्यातच असतात, आणि तिला स्वतःचं पातळ, चकचकीत आवरण असतं. आत हात घालून अंदाजाने सोडवलं की ही गादी फाटते आणि रोगाचे कण मागे राहतात. हील्ड म्हणाले, आवरणाच्या बाहेरून, डोळ्यांनी बघत, धारेने सोडवत चला. संत्र्याची फोड पापुद्रा न फाटता अख्खी सुटावी, तसं. त्यांच्या रुग्णांत ओटीपोटात रोग उलटण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आलं. त्याच वाटेने गेलं की लघवीच्या आणि लैंगिक क्षमतेच्या नसाही राखता येतात. खाली किती सेंटिमीटर सोडलं यापेक्षा बाजूची कड स्वच्छ आली का, हा प्रश्न मोठा आहे, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

गाठ अगदी खाली असेल तर आधी रेडिएशन आणि केमो देतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात हे उपचार आधी घेणाऱ्यांपैकी 6 टक्क्यांत रोग जागच्या जागी उलटला, नंतर घेणाऱ्यांपैकी 13 टक्क्यांत. 'यांचं गुदद्वार काढावंच लागेल' असं सर्जनने सुरुवातीला सांगितलेल्या रुग्णांत, आधी उपचार घेतलेल्या 39 टक्के लोकांचा स्नायू वाचला, नंतर घेणाऱ्या 19 टक्क्यांचा. 1994 मध्ये व्हिएन्नाच्या रुडॉल्फ शीसेल यांनी आणखी एक दार उघडलं: दोन कड्यांमधल्या फटीतून जायचं, आतलं कडं गाठीबरोबर काढायचं, बाहेरचं ठेवायचं.

आता जोड कसा घालतात ते. गोल स्टेपलर खालून आत जातो, वरून आणलेल्या आतड्याशी जुळतो आणि एका दाबात टाचण्यांची वर्तुळाकार रांग बसते. स्टेपलर बाहेर काढला की त्यात आतड्याच्या दोन चकत्या सापडतात. त्या अखंड आहेत का, हे आम्ही बोटावर घेऊन पाहतो. मग ओटीपोटात सलाइन भरायचं आणि खालून हवा सोडायची. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतो ना, अगदी तसंच. बुडबुडे आले नाहीत की ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांच्या जिवात जीव येतो.

तरीही इतक्या खालचा जोड गळण्याचा धोका राहतोच. म्हणून तो भरून येईपर्यंत वरच्या लहान आतड्याचं तोंड पोटावर आणतात, आणि सगळं सुरळीत असेल तर काही महिन्यांनी ते बंद करतात. म्हणजे स्नायू वाचला तरी काही काळ पिशवी येतेच. हे आधी न सांगितल्यामुळे शुद्धीवर येताच 'मला फसवलं' म्हणून रडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांचं रडणं रास्त होतं.

पिशवी निघाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. स्नायू राहिला, पण कोठार गेलं आणि ओळखण्याची जाणही उणावली. 2012 साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी पाच प्रश्न बनवले. वायू रोखता येतो का? पातळ शौच नकळत होते का? दिवसातून किती वेळा जावं लागतं? जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावं लागतं का? आणि लागली की धावत सुटावं लागतं का? जोड जितका खाली, तितकी उत्तरं कठीण, आणि रेडिएशनने त्यात भर पडते. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बरीच सुधारणा होते. इसबगोल, लोपेरामाइड, ओटीपोटाचे व्यायाम, खालून पाण्याने आतडं धुण्याची पद्धत यांचा उपयोग होतो. पण काहींचा त्रास कायम राहतो. कायमची पिशवी असलेल्यांचं जगणं जोड घातलेल्यांपेक्षा खालच्या दर्जाचं असतं, असं अनेक अभ्यास एकत्र पाहूनही ठामपणे म्हणता आलेलं नाही. म्हणून 'स्नायू वाचवला' एवढ्यावर सर्जनने समाधान मानू नये, असं मला मनापासून वाटतं. ज्याला दिवसातून बारा वेळा धावावं लागतं, त्याला आपण काय दिलं?

एका निवृत्त शिक्षिकेला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी घरातच असते, संडास चार पावलांवर आहे. मला जोडच द्या." तो दिला, आणि दिवसाला पाच-सहा वेळा जाऊनही त्या खुश आहेत.

कंडक्टरसाहेबांची गाठ रेडिएशननंतर बरीच आकसली. बाहेरचं कडं ठेवता येण्यासारखं होतं. मी त्यांना पाचही प्रश्न वाचून दाखवले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "घाटात गाडी थांबवता येत नाही, डॉक्टर. सत्तर माणसं बसलेली असतात." कायमच्या पिशवीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर येतं, आणि सकाळी पाणी घालून ते रिकामं करायला शिकलं तर पुष्कळांचा दिवस कोरडा जातो, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. पत्नीकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

पिशवीची जागा शस्त्रक्रियेआधीच पोटावर खूण करून ठरवतात. स्टोमा सिस्टर, म्हणजे पोटावर आणलेल्या तोंडाची काळजी बघणारी नर्स, रुग्णाला उभं करते, बसवते, वाकायला लावते. घडी पडते तिथे नको, पँटचा पट्टा येतो तिथे नको, बाई असेल तर परकराची नाडी बसते तिथे नको. कंडक्टरसाहेबांची तपासणी झाल्यावर सिस्टरने विचारलं, "पैशांची कातडी बॅग कुठल्या खांद्याला लावता?" दुसऱ्या दिवशी ते ती बॅग घेऊनच आले. उजव्या खांद्यावरून पट्टा तिरपा, बॅग डाव्या कमरेला, नेमकी तिथेच जिथे तोंड आणायचं. सिस्टरने बॅग दुसऱ्या खांद्याला अडकवायला सांगितली. ते वॉर्डच्या बोळात दोन खाटांमधून तिकिटं फाडत चालल्यासारखे पुढे गेले, मागे आले, वाकले, वळले. मग तिने बेंबीच्या डावीकडे खाली, त्यांना स्वतःला नीट दिसेल अशा ठिकाणी, निळ्या पेनाने एक टिंब काढलं.