आहारसाक्षरता आणि माध्यमिक शिक्षक : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

अक्षर ओळखणे आणि वाचलेल्याचा अर्थ जाणून तदनुसार वर्तन करणे, या दोन भिन्न गोष्टी होत. 'साक्षरता' या शब्दाने आज दुसरीच गोष्ट अभिप्रेत असते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांना आहारसाक्षरतेचे आकलन कितपत आहे, हे तपासू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने हा भेद आरंभीच ध्यानात घ्यावा.

ऑस्ट्रेलियातील हेलन विजेन व डॅनिएल गॅलेगॉस या संशोधिकांनी २०१४ साली आहारसाक्षरतेची चार अंगे सांगितली : नियोजन, निवड, पाकसिद्धी आणि सेवन. पोषकद्रव्यांची नावे सांगता येणे हे यांपैकी एकही अंग नव्हे. सबब 'प्रथिने म्हणजे काय?' एवढेच विचारणारी प्रश्नावली शिक्षकाचे स्मरण मोजील, आकलन मोजणार नाही.

आकलन कोठे दिसते, याचे उत्तम उदाहरण या भागातील वेळ अमावास्या होय. बोलीत हिला 'येळवस' म्हणतात. कर्नाटकात मार्गशीर्षातील ही तिथी 'एळ्ळु अमावास्या' या नावाने ओळखली जाते. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. त्या दिवशी शेतात भज्जी, बाजरीचे उंडे व आंबील यांचे जेवण होते. भज्जीत ओली तूर, हरभरा, वाटाणा यांच्या जोडीला पालेभाज्या असतात. आंबील ज्वारीचे पीठ आंबवून, ताक घालून केलेली असते. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते. कडधान्ये ती उणीव भरून काढतात. पाठ्यपुस्तकातील 'प्रथिने' आणि घरची 'भज्जी' या दोन शब्दांमधील नाते ज्या शिक्षकाला विद्यार्थ्यांपुढे उलगडून दाखविता येते, तोच खऱ्या अर्थाने आहारसाक्षर म्हणावयाचा.

दुसरे उदाहरण सोयाबीनचे. जिल्ह्यातील खरिपाचे हे प्रमुख पीक असून त्यात प्रथिनांचे प्रमाण शेकडा ३५ हून अधिक असते. तथापि पिकाचा बहुतांश बाजारात जातो, ताटात येत नाही. शिवाय कच्च्या सोयाबीनमधील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. ते नीट शिजविणे आवश्यक असते. येथे निवड व पाकसिद्धी ही दोन्ही अंगे एकदमच कसोटीस लागतात.

हा विचार केवळ संज्ञांचा नाही. शासकीय मध्यान्ह भोजन योजना आठव्या इयत्तेपर्यंतच आहे. नववीत गेलेला विद्यार्थी शाळेतील जेवणास मुकतो, आणि नेमक्या त्याच वयात शरीराची वाढ झपाट्याने होत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. दहावीतील मुली या वयोगटाच्या उंबरठ्यावर उभ्या असतात. पालेभाजीतील लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू असावे व जेवणाला लागून चहा घेऊ नये, ही साधी गोष्ट त्यांना वर्गात कळावयास हवी.

म्हणून शिक्षकांच्या आकलनाची चाचणी व्याख्यांपाशी थांबू नये. ज्वारी, हुलगा, जवस, शेंगदाणे व हंगामी भाजी एवढ्या जिनसांतून नववीतील मुलीचा दिवसाचा आहार आखावयास सांगावा, आणि त्या निवडीची कारणे विद्यार्थ्यांच्या बोलीत मांडावयास सांगावीत. उत्तरात जी वाण राहील, तीच प्रशिक्षणाची दिशा दाखवील.