पुढारी, पिता आणि पाद्री : विल्यम केरींच्या घराचा जमाखर्च

सार्वजनिक कार्याला वाहून घेतलेल्या माणसाचे मोजमाप करताना आपण सहसा दोन प्रश्न विचारतो. त्याने काम किती केले? आणि ते करताना हात स्वच्छ ठेवले की नाही? तिसरा प्रश्न आपण सभ्यपणापोटी विचारीत नाही. हे काम चालले असताना त्याच्या घरात काय चालले होते? मुलांच्या वाट्याला बाप किती आला? आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेल्यामुळे हा तिसरा प्रश्न आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. दरवाजावरची सभा, समितीची बैठक, समेटाची बोलणी एवढे आटोपून कार्यकर्ता घरी पोचतो तेव्हा मुले निजलेली असतात, आणि पहिल्या पाळीच्या लोकांना गाठायला तो पहाटे बाहेर पडतो तेव्हाही ती निजलेलीच असतात.

ख्रिस्ती उपदेशकाच्या आयुष्यात हा पेच आणखी घट्ट होतो. कारखान्यात पाळी संपली की भोंगा होतो. देवाच्या कामाला भोंगा नाही. चळवळीचा कार्यकर्ता कधीतरी म्हणू शकतो की आज मी थकलो, उद्या पाहू. ज्याला ईश्वराने बोलावले आहे असे वाटते, त्याला तेवढे म्हणण्याचीही चोरी. आणि गंमत अशी की घराकडे दुर्लक्ष करण्याची मुभाही त्याला त्याचा धर्मग्रंथ देत नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाला एक अट घातली आहे. तिचा आशय असा की, ज्याला स्वतःचे घर नीट चालवता येत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार? म्हणजे पुढारीपण, पितेपण आणि श्रद्धा ह्या तीन गोष्टी तेथे एकाच दोरीने बांधल्या आहेत.

ही दोरी प्रत्यक्षात कशी ताणली जाते हे पाहायचे तर विल्यम केरी ह्यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही. मराठी माणसाला हे नाव परके नसावे. १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मोडी टाइपात मराठी-इंग्रजी कोश काढला. ह्या कामी वैजनाथ पंडितांचे त्यांना साहाय्य होते. मात्र हे सारे जेथे घडले ते श्रीरामपूर आपल्याकडचे नव्हे. ते कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी असलेले, त्या काळी डेन्मार्कच्या सत्तेखालचे गाव.

केरींचा जन्म १७६१ सालचा, इंग्लंडातील नॉर्दम्प्टनशायर परगण्यातला. वडील विणकर, पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक झाले. मुलाला जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारीला ठेवले. त्या बाकड्यावर बसून ह्या मुलाने लॅटिन, ग्रीक, हिब्रू भाषा आपल्या आपण हस्तगत केल्या. पुढे मोठेपणी एका मेजवानीत कोणा अधिकाऱ्याने, केरी पूर्वी जोडे बनवीत असत ना, असे खोचकपणे विचारले. तेव्हा केरींनी सांगितले की बनवीत नव्हतो, फाटलेले सांधत होतो. ही हकीगत वारंवार सांगतात, आणि शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या आमच्यासारख्यांना ती ऐकायला बरे वाटते. पण ह्याच चरित्रातील दुसरी एक हकीगत कमी सांगतात. १७८१ साली केरींनी डोरोथी प्लॅकेट हिच्याशी विवाह केला, तेव्हा लग्नाच्या नोंदवहीत वधूने सहीऐवजी नुसती खूण केली. तिला लिहिता येत नव्हते. नवरा भाषांमागून भाषा शिकत गेला. बायको त्या खुणेपाशीच राहिली.

१७९२ साली केटरिंग गावी बॅप्टिस्ट मिशनची स्थापना झाली. बैठकीत वर्गणीचे आकडे पडले ते १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. एवढ्या भांडवलावर परदेशी जायला केरी सिद्ध झाले. डोरोथी तेव्हा गरोदर होती, तिने साफ नकार दिला. केरींनी थोरल्या फेलिक्सला, म्हणजे सातआठ वर्षांच्या पोराला, बरोबर घेतले आणि ते निघाले. परवान्याच्या भानगडीत त्यांना जहाजावरून उतरावे लागले. मधल्या काळात डोरोथी बाळंत झाली. पुन्हा तिची मनधरणी झाली, आणि बहीण कॅथरिन बरोबर येत असेल तर येते, अशा अटीवर ती तयार झाली. १३ जून १७९३ रोजी हे कुटुंब डेन्मार्कच्या एका जहाजाने निघाले, तेव्हा धाकट्या जेबेझचे वय जेमतेम सहा आठवडे होते.

आम्ही संपाच्या मतदानाचे नियम जाणतो. ज्याच्या पोटावर पाय येणार त्याचे मत घेतल्यावाचून संप पुकारू नये, हा पहिला नियम. घाईघाईने, निघायच्या तोंडावर मिळवलेला होकार हा होकार म्हणावा काय? डोरोथीच्या होकाराचे मोल पुढे चुकवावे लागले. बंगालमध्ये पैसा संपला, राहण्याची जागा बदलत गेली. अखेर मालदा भागात मदनावती येथे नीळीच्या कारखान्यावर केरींना नोकरी मिळाली. तेथे १७९४ साली पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. परक्या मुलखात त्या पोराची कबर खणायला माणसे मिळण्याची पंचाईत पडली. दोन मुली इंग्लंडातच दगावल्या होत्या. ह्या आघातानंतर डोरोथीचे मन जे ढळले ते पुन्हा ताळ्यावर आले नाही. नवऱ्याविषयी नाही नाही ते संशय तिला ग्रासू लागले. १८०७ च्या डिसेंबरात तिचा मृत्यू झाला. त्या मधल्या वर्षांत बहुतेक काळ एका खोलीत ती आरडाओरडा करी आणि पलीकडे केरी भाषांतराच्या कागदांवर मान घालून बसत. त्यांनी तिला टाकले नाही, घरातच सांभाळले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

मग मुलांचे काय? १८०० साली केरी श्रीरामपुरास आले, तेव्हा फेलिक्स चौदा वर्षांचा होता आणि सर्वांत धाकटा जोनाथन चारेक वर्षांचा. आई भ्रमिष्ट, बाप कामात बुडालेला, अशी ही चार पोरे रानोमाळ वाढत होती. केरींचा स्वभाव इतका मऊ की मुलांचे चुकते आहे हे दिसूनही त्यांना चार शब्द सुनावणे जमत नसे, असे हॅना मार्शमन ह्या बाईंनी नोंदवून ठेवले आहे. येथे एका सर्वसाधारण समजुतीला धक्का बसतो. एकाग्र पुढारी घरात जुलमी असतो, असे आपण मानतो. कधीकधी तो घरात जुलमी नसतो आणि मायाळूही नसतो. तो फक्त हजर नसतो. हजर नसलेल्याचा चांगुलपणा मुलांच्या उपयोगी पडत नाही.

ह्या मुलांना सावरले ते दोघांनी. एक ही हॅना मार्शमन. ती सहकारी जोशुआ मार्शमन ह्यांची पत्नी. स्वतःची मुले, मिशनचे घर आणि वसतिगृहाची शाळा हे सारे ती चालवी. दुसरे विल्यम वॉर्ड, धंद्याने मुद्रक, पूर्वी इंग्लंडात वृत्तपत्राचे संपादक, तेव्हा अविवाहित. वॉर्डनी ह्या पोरांना छापखान्यात हाताशी धरले, त्यांच्याशी बोलले, त्यांचे ऐकून घेतले. फेलिक्स त्यांच्यामुळे वळणावर आला आणि १८०० च्या डिसेंबरात, कृष्ण पाल ह्या सुताराबरोबर त्याचाही बाप्तिस्मा झाला. जगाने केरींचे नाव लक्षात ठेवले. पण सुमारे ४० भाषांतून बायबल अथवा त्याचे भाग ज्या छापखान्यातून बाहेर पडले, तो चालवताना वॉर्डनी दुसऱ्याच्या मुलांना बाप दिला, ही नोंदही त्याच खात्यावर पडली पाहिजे.

हे सहज घडले नाही, त्यामागे व्यवस्था होती, आणि येथेच ह्या उदाहरणाचे खरे मर्म आहे. श्रीरामपूरची मंडळी एका घरात राहत, एका पंक्तीला जेवत. कोणाचीही कमाई त्याची स्वतःची नसे. १८०१ साली फोर्ट विल्यम कॉलेजात केरींना दरमहा ५०० रुपयांची नोकरी लागली. तो पगार सामाईक निधीत गेला. घरची व्यवस्था प्रत्येकाने एकेक महिना पाहायची असा क्रम होता. केरी खजिनदार, औषधाची पेटीही त्यांच्याकडे. आणि दर शनिवारी सायंकाळी सर्वांनी एकत्र बसून आठवड्यातील आपापसांतले मतभेद बोलून मिटवायचे. आम्ही अनेक समित्या पाहिल्या. रुसवे साठवून ठेवून ऐन लढ्यात फुटलेल्या समित्याही पाहिल्या. म्हणून ही शनिवारची बैठक आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते.

परंतु १८०५ साली ह्याच मंडळींनी आपल्या कार्याचा करारनामा लिहून काढला, तो पाहावा. लोकांची मने जाणा, त्यांना बरोबरीने वागवा, भाषांतर करा, प्रार्थना करा, स्वतःसाठी काही ठेवू नका, असे सारे त्यात आहे. मुलांच्या संगोपनाचे स्वतंत्र कलम त्यात नाही. हॅनाचे आणि वॉर्डचे काम होत होते, पण ते मायेपोटी होत होते. कोणाचा हक्क म्हणून नव्हे. जे काम करारात नाही ते करणाऱ्याच्या उपकारावर चालते, आणि उपकार करणारा दमला की थांबते. हे कोणत्याही कामगाराला समजावून सांगावे लागणार नाही.

फेलिक्सची पुढची कथा दुःखाची आहे. १८०७ साली तो ब्रह्मदेशात धर्मकार्यासाठी गेला. तेथे १८१४ साली इरावतीत नाव उलटून त्याची बायकोमुले बुडाली. त्या सुमारास त्याने ब्रह्मी राजाची वकिली पत्करली, तेव्हा बापाच्या मनात आले ते हेच की मुलगा पाद्रीपदावरून राजदूतपदावर घसरला. पुढे ती वकिलीही सुटली आणि दुःखाने सैरभैर झालेला फेलिक्स काही वर्षे पूर्वेच्या डोंगराळ मुलखात भटकत राहिला. त्याला गाठून परत आणला तो वॉर्डनीच. नंतर त्याने बंगालीत शरीरशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला आणि १८२२ साली, सदतिसाव्या वर्षी, तो निवर्तला. बापाने मुलाकडे कार्याच्या चष्म्यातून पाहिले, वॉर्डनी मुलगा म्हणून पाहिले. दोन्ही नजरांत खोटेपणा नव्हता. पण बुडालेल्याला किनारा दिसला तो दुसऱ्या नजरेत.

ह्यावर श्रद्धावान माणूस म्हणेल की, येशूनेच सांगितले आहे, जो आपल्या आईबापांवर किंवा मुलांवर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. आक्षेप वजनदार आहे. पण त्याच येशूने, देवाला अर्पण केले म्हणून आईबापांचे देणे बुडवणाऱ्यांना कडक शब्दांत फटकारले आहे. मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय पाहावा. देवाच्या नावाने घरचे कर्ज फिटत नाही, असाच त्याचा अर्थ आम्ही लावतो. आणि सवड काढणे केरींना अशक्य होते असेही नाही. १८२९ च्या डिसेंबरात सतीबंदीचा हुकूम बंगालीत करण्यासाठी त्यांच्याकडे आला, तो दिवस रविवार होता. एका दिवसाच्या उशिरानेही एखादी स्त्री जळेल, हे ओळखून त्यांनी व्यासपीठावरचे प्रवचन दुसऱ्याकडे सोपवले आणि भाषांतर हातावेगळे केले. जीव वाचवण्यासाठी प्रवचन बाजूला ठेवता येते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. घरातला जीव मात्र हळूहळू जळत असतो, म्हणून तो चटकन दिसत नाही.

डोरोथीचे ह्या साऱ्यावर काय म्हणणे होते, हे तिच्या शब्दांत आपल्याला कधीच कळणार नाही. ह्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाईंची आणि त्यांची ताटातूट झाली. १९०० साली त्यांनीही स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून ह्या बाईंनी थोर माणसाचा संसार आतून कसा असतो ते मराठी वाचकाला हसतखेळत दाखवले. टिळक त्यामुळे लहान झाले नाहीत. उलट अधिक जवळचे झाले. घरच्या माणसाला बोलू दिले तर पुढाऱ्याची प्रतिष्ठा जाते, ही भीती निराधार आहे.

तेव्हा ह्या जमाखर्चातून आम्ही काय घ्यावे? केरींना दोषी ठरवून आपण मोकळे होणे हा उद्योग सोपा आहे, आणि निरुपयोगी. एकाग्रतेवाचून मोठे काम होत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु समतोल ही एकट्या पुढाऱ्याच्या मनाची करामत आहे, असे समजणे चूक. श्रीरामपुरात जेवढा समतोल राहिला तेवढा चार माणसांनी मिळून राखला, आणि जेथे कोणी राखला नाही तेथे डोरोथी व फेलिक्स ह्यांनी त्याची भरपाई केली. म्हणून मंडळी असो, संस्था असो की संघटना, तिने आपल्या कार्यकर्त्याच्या घराचा विषय कामकाजाच्या पत्रिकेवर घ्यावा. बदलीचा ठराव करण्यापूर्वी त्याच्या पत्नीला विचारावे, आणि तिला ‘नाही’ म्हणण्याची खरी सवड द्यावी. आठवड्यातील एक सायंकाळ त्याची नव्हे, त्याच्या मुलांची आहे असे लिहून ठेवावे आणि त्या सायंकाळी त्याला सभेला बोलावू नये. मुलांना हात देणारा वॉर्ड किंवा हॅना जवळपास असेल, तर त्याचे श्रम अहवालात नोंदवावेत. एवढे करूनही एक काम उरतेच, ते कोणत्याही समितीकडे सोपवता येत नाही. ते म्हणजे मूल जागे असताना घरी पोचणे.